रॅपमधल्या वैराने कारकीर्द संपते का, आणि संपते ती नेमकी कशाने?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातील एकवीस वर्षांच्या एका तरुणाने तीन वर्षांत अकरा गाणी काढली, चॅनेलवर आठ हजारांच्या आसपास सबस्क्रायबर जमवले, आणि आता इचलकरंजीच्या एका रॅपरने त्याचे नाव घेऊन डिस ट्रॅक, म्हणजे त्याला हिणवणारे गाणे, काढला आहे. मित्र म्हणतात, आठवड्यात उत्तर दिले नाहीस तर संपलास. घरचे म्हणतात, उत्तर दिलेस तर संपलास. वडिलांच्या फाउंड्रीतील कामावर लिहायला घेतलेले गाणे या गडबडीत अर्धवट पडले आहे. अशा भांडणाने कारकीर्द खरोखर संपते का, असे त्याने विचारले आहे.

मी कोल्हापुरातच, राजारामपुरीत, सोळा वर्षे रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवतो. आधी भजनी मंडळे, शाहिरी पथके आणि निवडणुकीची प्रचारगीते यांवर पोट भरत होते. गेल्या आठ-नऊ वर्षांत रॅप करणारी मुले येऊ लागली. या काळात सात-आठ भांडणे माझ्या डोळ्यांसमोर पेटली आणि विझली, आणि त्यांतील बहुतेक गाणी माझ्याच माइकवर झाली. माझे मत आधीच सांगतो. डिसमध्ये हरल्यामुळे कलावंत संपल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. भांडणाच्या भरात तो स्वतःचे गाणे बाजूला ठेवून समोरच्याच्या तालावर लिहू लागतो, त्याचे मूळ श्रोते त्याला ओळखेनासे होतात आणि नवे आलेले श्रोते फक्त मारामारी पाहायला थांबलेले असतात. कारकीर्द जाते ती तिथे.

या विषयावर हमखास दिले जाणारे उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील जा रूल आणि फिफ्टी सेंट या दोन रॅपरांचे वैर. ते सावकाश पाहण्यासारखे आहे, कारण त्यातून बहुतेक जण चुकीचा अर्थ काढतात. २००० आणि २००१ अशी लागोपाठ दोन वर्षे जा रूलचे अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. घोगरा आवाज, अर्धे गाणे आणि अर्धे रॅप, जोडीला अशांती किंवा जेनिफर लोपेझ यांच्यासारखी गायिका, असा त्याचा बाज होता. फिफ्टी सेंट त्या वेळी बाहेर फेकला गेलेला होता. मे २००० मध्ये त्याला नऊ गोळ्या लागल्या, मोठ्या कंपनीने त्याचा करार मोडला आणि मिक्सटेपशिवाय, म्हणजे कंपनीविना स्वतःच वाटलेल्या गाण्यांशिवाय, त्याच्या हातात काही उरले नाही. त्याने जा रूलच्या नेमक्या बाजावरच बोट ठेवले: स्वतःला रस्त्यावरचा माणूस म्हणवतो आणि प्रेमगीते गातो. फेब्रुवारी २००३ मध्ये फिफ्टी सेंटचा पहिला मोठा अल्बम आला आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या ८ लाख ७२ हजार प्रती खपल्या.

इथवर जा रूलचे नुकसान झाले होते, पण तो संपला नव्हता. नोव्हेंबर २००३ मध्ये त्याने जवळजवळ अख्खा अल्बम वैरावर खर्च केला. ज्यांना त्याची प्रेमगीते आवडत होती त्यांच्यासाठी त्यात काही नव्हते, आणि ज्यांना धारदार रॅप हवे होते ते आधीच फिफ्टी सेंटकडे गेले होते. समोरच्याने 'तू गातोस' असे हिणवले आणि याने गाणेच सोडले. त्याच वर्षी फिफ्टी सेंटच्या त्याच अल्बममधील एक सरळसरळ प्रेमगीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते, ही गोष्ट मी प्रत्येक मुलाला आवर्जून सांगतो. जे करतो म्हणून दुसऱ्याची टर उडवली, ते स्वतः करून त्याने पैसे मिळवले. जा रूल पुढच्या वर्षी पुन्हा गायला, त्यातील एक गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावरही गेले, परंतु त्यानंतरचा त्याचा स्टुडिओ अल्बम यायला २०१२ साल उजाडले.

याला केवळ भांडण कारण होते असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. जानेवारी २००३ मध्ये त्याच्या कंपनीच्या कार्यालयावर अमेरिकी तपास यंत्रणांचा छापा पडला, पुढे खटला चालला, आणि डिसेंबर २००५ मध्ये मालक बंधू निर्दोष सुटले तोवर कंपनीची घडी पार विस्कटली होती. पैसा, माणसे आणि वकील यांची ओढाताण चालू असताना जे भांडण अंगावर येते ते एरवीपेक्षा कितीतरी खोल लागते. तुमच्या बाबतीतही घरात आजारपण किंवा परीक्षा किंवा नोकरीची अडचण असेल, तर ती या हिशेबात धरा.

कॅनिबस या रॅपरचे प्रकरण याहून लहान आहे, पण नवोदितांना ते अधिक लागू पडते. १९९७ मध्ये एल एल कूल जे या बड्या रॅपरने त्याला स्वतःच्या गाण्यात बोलावले. कॅनिबसने यजमानाच्या दंडावरील माइकच्या गोंदणावर एक ओळ लिहिली आणि त्यावरून ठिणगी पडली. १९९८ मध्ये कॅनिबसने काढलेला डिस गाजला, त्यात मुष्टियोद्धा माइक टायसनचा आवाज होता आणि शब्दांची तयारी तर नि:संशय होती. त्याच सप्टेंबरमध्ये त्याचा पहिला अल्बम आला तेव्हा मात्र श्रोत्यांनी त्याच्याकडे 'भांडणवाला' म्हणूनच पाहिले. हा माणूस त्याखेरीज काय सांगतो, हे ऐकण्याची सवय कोणाला लागलीच नव्हती. पहिली ओळखच वैराची झाली की ती पुसायला फार काळ लागतो, आणि तोवर लोक पुढे गेलेले असतात.

याच्या उलट बाजूला नाझ हा रॅपर आहे. सप्टेंबर २००१ मध्ये जे-झी या दुसऱ्या रॅपरने गाण्यातून त्याच्यावर जबर हल्ला चढवला. नाझची घसरण तेव्हा सुरू झाली होती, आणि जाणकार त्याला संपलेलाच धरून चालले होते. त्याने डिसेंबरमध्ये उत्तर दिले, तेही इतके कडक की त्या गाण्याचे नाव आजही इंग्रजीत 'धूळ चारणे' या अर्थाने वापरले जाते. परंतु त्याच्या त्या अल्बममध्ये उत्तराचे गाणे एकच होते. उरलेल्या गाण्यांत त्याची वस्ती होती, तुरुंग होता, पोलीस होते, स्वतःचे भूतकाळाशी बोलणे होते. जो श्रोता भांडण ऐकायला आला त्याच्या हाती बाकीचा नाझही लागला. ऑक्टोबर २००५ मध्ये दोघे एकाच रंगमंचावर आले, आणि २००६ मध्ये जे-झी ज्या कंपनीचा अध्यक्ष होता तिच्याशीच नाझने करार केला.

आपल्याकडे २०१८ मध्ये एका मुलाखतीतील वाक्यावरून मुंबईचा रॅपर एमिवे बंटाई आणि दिल्लीचा रफ्तार यांच्यात जुंपली. दोघांनी एकमेकांना गाण्यातून उत्तरे दिली. पण २०१९ च्या सुरुवातीला एमिवेने काढलेले जे गाणे सर्वाधिक पसरले ते नाचायचे, मौजेचे गाणे होते. वरातीतही ते वाजले. भांडणाने त्याच्या दारात आणलेल्या गर्दीला त्याने घरात घेतले आणि वेगळे काहीतरी वाढले. रफ्तारही आपल्या वाटेने चालत राहिला.

केंड्रिक लमार आणि ड्रेक या रॅपरांचे २०२४ चे भांडण सगळ्यांच्या तोंडी आहे, म्हणून त्याबद्दल दोन वाक्ये. केंड्रिकच्या मे २०२४ मधील गाण्याला पुढच्या फेब्रुवारीत पाच ग्रॅमी मिळाले, आणि ड्रेकने स्वतःच्याच कंपनीवर घातलेला बदनामीचा दावा ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने फेटाळला. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेला ड्रेकचा जोड-अल्बम बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. पंधरा वर्षांची गाणी ज्याच्या पाठीशी आहेत त्याला असा पराभव पचवता येतो. अकरा गाणी ज्याच्या पाठीशी आहेत त्याने त्याच्याकडे बघून आपले निर्णय घेऊ नयेत.

आता माझ्याकडचे. २०१९ च्या महापुरानंतर एक मुलगा स्टुडिओत आला. चिखली-आंबेवाडीकडच्या त्याच्या मामाच्या घरात पाणी शिरले होते आणि माणसे होडीतून काढताना गच्चीवर बांधलेली म्हैस मागे राहिली, एवढ्यावर त्याने गाणे लिहिले होते. माझ्याकडे तेव्हा साधा माइक होता आणि बूथ म्हणजे भिंतींना लावलेल्या गाद्या. तो रेकॉर्ड करताना मी स्वतः काचेपलीकडे डोळे पुसले आहेत. ते गाणे तालमीतल्या पोरांनी स्टेटसला ठेवले, दूध डेअरीच्या गाडीत वाजले, आणि एका शाळेने त्याला गॅदरिंगला बोलावले.

२०२१ च्या सुमारास 'कोल्हापुरी रॅप आधी कोणी आणले' या वादातून शेजारच्या पेठेतील एका मुलाशी त्याचे वाजले. पाच महिन्यांत चार डिस झाले. तिसऱ्या डिसच्या वेळी रात्रीचे पावणेबारा वाजले होते, माइक चालू असल्यामुळे पंखा बंद होता, आणि सातव्या ओळीत प्रतिस्पर्ध्याच्या बहिणीचा उल्लेख होता. मी बीट, म्हणजे शब्दांखालचे संगीत, थांबवली आणि म्हणालो, "नुसतं वाचून दाखव." बीटशिवाय वाचताना तो त्या ओळीपाशी अडखळला, कारण ती मुलगी त्याच्याच बहिणीच्या वर्गात होती. पाणी प्यायला आणि म्हणाला, "दादा, राहू दे तसंच. पब्लिक पेटंल." मी ते रेकॉर्ड केले. त्या रात्री मी माइक बंद करायला हवा होता, आणि केला नाही, ही खंत मला आजही आहे.

चौथ्या डिसचा व्हिडिओ त्यांनी समोरच्याच्या गल्लीच्या तोंडावर चित्रित केला. दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस पोरे जमली, दोन मोटारसायकली फुटल्या, दोन्ही बाजूंच्या मुलांवर चॅप्टर केस झाली आणि चांगल्या वर्तणुकीचे बॉण्ड लिहून द्यावे लागले. गणपतीला तीन मंडळांनी त्याला सुपारी दिली होती, तिघांचेही फोन आले, "यंदा राहू दे." मंडळाच्या अध्यक्षाला मिरवणुकीची परवानगी काढायची असते, त्याला पोलीस ठाण्यात बसून एका गायकाची बाजू मांडायची नसते. आपल्याकडच्या रॅपरचे उत्पन्न हे मंडळ, दहीहंडी, कॉलेजचे गॅदरिंग, कपड्यांच्या किंवा दागिन्यांच्या दुकानाची रील, एवढ्यावर उभे असते, आणि या प्रत्येक ठिकाणी बोलावणारा माणूस सर्वांत आधी एकच गोष्ट बघतो: याच्यामुळे राडा होईल का? परदेशातील कंपनीला वादातून विक्री मिळते. मंगळवार पेठेतल्या मंडळाला वादातून नोटीस मिळते.

तरीही तो त्याने संपला नाही. दुसऱ्या वर्षी त्याने पुराच्या गाण्याचा दुसरा भाग काढला. मनापासून केलेले काम होते, पहिल्यापेक्षा मिक्सही चांगला होता. मी त्याच्याबरोबर बसून कमेंट वाचल्या. 'भावा, त्याला उत्तर कधी?' 'पाऊसपाणी बास, पाचवा डिस सोड.' 'घाबरलास का?' पन्नास-साठ कमेंट खाली गेल्यावर एका बाईने लिहिले होते की, आमचीही गाय गेली होती. तो ती एकच कमेंट बराच वेळ बघत बसला. ज्यांच्यासाठी त्याने पहिले गाणे लिहिले होते ते लोक डिसच्या काळात निघून गेले होते, आणि उरलेल्यांना पुराशी काही देणेघेणे नव्हते. त्यानंतर तो आला नाही. आता तो एका वित्तसंस्थेत वसुलीचे काम करतो. प्रतिस्पर्धी मुलगाही गात नाही. दोघांपैकी कोण जिंकला, हे मला आजही सांगता येणार नाही.

वैराचे गाणे मुळात वाईट असते, असे माझे म्हणणे नाही. आपल्या मातीत ते रॅपच्या फार आधीपासून आहे. कलगी आणि तुरा हे शाहिरीतले दोन पक्ष, एक शक्तीला थोर मानणारा आणि दुसरा शिवाला, डफ-तुणतुण्यावर रात्र रात्र एकमेकांना सवाल टाकत आले आहेत, आणि कोल्हापूरच्या जत्रांत भेदिकाचा, म्हणजे अशा सवाल-जवाबाच्या शाहिरीचा, फड रंगलेला मी लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून ऐकला आहे. तिथे शाहीर प्रतिपक्षाला खोचक बोलतो, त्याची फजिती करतो, पण सवाल पुराणातला असेल तर जवाबही त्याच पुराणातून, आणि बांधणीत बसवूनच द्यावा लागतो. त्यासाठी आयुष्यभराचा अभ्यास लागतो. म्हणजे भांडणाच्या निमित्ताने शाहिराची विद्या वाढते. डिस लिहिताना तुमची विद्या वाढते आहे की नुसते शत्रूविषयीचे ज्ञान वाढते आहे, हे वहीत उघड दिसते. सोळा बारांपैकी (बार म्हणजे रॅपची एक ओळ) किती बार त्याच्याविषयी आहेत आणि किती तुमच्याविषयी, तुमच्या गल्लीविषयी, तुमच्या भाषेच्या करामतीविषयी, ते पेन्सिलने खुणा करून मोजा. नाझच्या उत्तराकडेही याच नजरेने पुन्हा पाहा.

चॅनेल जाण्याचा धोका वेगळा आणि फार कोरडा आहे, त्याकडे मुले दुर्लक्ष करतात. डिसमध्ये समोरच्याचीच बीट उचलून त्यावर बोलण्याची पद्धत आहे. ती बीट त्याने विकत घेतलेली असेल किंवा त्याच्या निर्मात्याची असेल, तर कॉपीराइटची तक्रार होते. नव्वद दिवसांच्या मुदतीत असे तीन स्ट्राइक बसले की यूट्यूब चॅनेल बंद करू शकते, आणि त्यासोबत तुमची अकराही गाणी, त्यांवरच्या कमेंट, सगळे जाते. प्रतिदावा करता येतो, पण तो खरा असावा लागतो. धमकी आणि छळ यांबद्दलचे स्ट्राइक वेगळे मोजले जातात, आणि प्रतिस्पर्ध्याचे चाहते एकगठ्ठा तक्रारी करतात ते याच कलमाखाली.

कायद्याचेही तेच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते, कलम ३५१ धमकीसाठी आहे, आणि अश्लील मजकूर इंटरनेटवर टाकल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली पहिल्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला जातीवरून शब्द गेला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू शकतो आणि त्यात अटकपूर्व जामीन सहसा मिळत नाही. पण खटल्याची भीती नसती तरीही तो शब्द तोंडात येता कामा नये. शिवाय आपले शहर विसरू नका. जून २०२३ मध्ये मोबाईलवरच्या स्टेटसवरून इथे दंगल झाली आणि इंटरनेट बंद करावे लागले. तेव्हापासून मोबाईलवरचा मजकूर इथे कोणी हलक्यात घेत नाही.

जीव जाण्यापर्यंत गोष्ट पोहोचते का, हेही आईवडील विचारतात. एकमेकांशी वैर असलेल्या दोन अमेरिकी रॅपरांपैकी तुपाक शकूरवर सप्टेंबर १९९६ मध्ये लास वेगासमध्ये जीवघेण्या गोळ्या झाडल्या गेल्या, बिगीवर मार्च १९९७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये; एक पंचवीस वर्षांचा होता, दुसरा चोवीस. त्यामागे टोळ्या होत्या, पैसा होता, बंदुका होत्या, त्यामुळे आपली तुलना थेट होत नाही. पण दोन्ही ठिकाणी गाण्यातला शब्द गायकाच्या हातून निसटून त्याच्याभोवतीच्या माणसांच्या हातात गेला, आणि एवढे साम्य मी पेठेतही पाहिले आहे. मोटारसायकली फोडणाऱ्यांत दोघा रॅपरांपैकी एकही नव्हता.

तुमच्याबद्दल माझे म्हणणे असे. त्या डिसचे उत्तर वहीत आजच लिहा, राग ओसरण्याआधी, पण पंधरा दिवस रेकॉर्ड करू नका. पंधरा दिवसांनी बीटशिवाय मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडेल ती ओळ काढा. त्याने तुमच्याबद्दल काही खरे म्हटले असेल, तर ते गाण्यात तुम्हीच आधी कबूल करा, म्हणजे त्याच्या हातात काही उरत नाही. उत्तर द्यायचे ठरले तर एकच द्या, स्वतःच्या बीटवर, परवान्याचा कागद हातात ठेवून. त्यात घरच्यांचे नाव नको, जात नको, त्याची गल्ली नको. इचलकरंजीत जाऊन चित्रीकरण तर मुळीच नको. मित्रांना सांगा की तुमच्या नावाने कोणी स्टोरी टाकणार नाही, आणि रात्री अकरानंतर लाइव्ह जाऊ नका, कारण त्या वेळी बोललेले शब्द सकाळी परत घेता येत नाहीत. त्याच्या व्हिडिओचे आणि धमकीच्या मेसेजचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. ते पोस्ट करण्यासाठी नाहीत.

उत्तर न देण्याचा पर्यायही पूर्ण सन्मानाचा आहे. मित्र म्हणतील नाद सोडला, भ्यालास. परंतु आठ हजारांपैकी किती जणांनी तुम्हाला डिससाठी सबस्क्राइब केले होते, हे एकदा त्यांना विचारा. उत्तर द्या किंवा देऊ नका, त्यानंतरच्या महिन्याभरात तुमचे दुसरे, या भांडणाशी संबंध नसलेले गाणे आले पाहिजे, आणि चॅनेल उघडल्यावर सर्वांत वर तेच दिसले पाहिजे. पुराच्या गाण्यावाल्या मुलाचे हेच राहून गेले. त्याचे पुढचे गाणे वर्षभराने आले.

तुमचे पुढचे गाणे कोणते, हे तुम्ही प्रश्नातच लिहिले आहे. शिरोलीच्या फाउंड्रीत रात्रपाळीला ओतकाम चालू असताना साचे फोडण्याचा जो आवाज होतो, तो बीटखाली घालता येईल. मोबाईलवर तो फाटतो, म्हणून माझा रेकॉर्डर घेऊन जा; मालकांची परवानगी वडिलांमार्फत आधी काढा, आणि माइक भट्टीपासून लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला धरा, कारण उष्णतेने आतली कॅप्सूल जाते. दोन रात्रींचे आवाज आणा. वहीतली जेवढी कडवी झाली असतील तेवढीही घेऊन या.